हातेम वाटेत आहे

फोन वाजला तेव्हा सोंदेस साबणवाल्यांच्या गल्लीत एका म्हातारबुवांशी हुज्जत घालत होती. गल्लीतले दिवे विझवायचा अधिकार तुला कुणी दिला, असा बुवांचा सवाल होता. नगरपालिकेने दिला, हा बघा कागद, असं ती तिसऱ्यांदा सांगत होती. ट्यूनिसच्या जुन्या शहरात दोन वर्षांतून एकदा उजेडाची रात्र होते. त्या रात्री गल्लीबोळांतले सगळे दिवे बंद ठेवतात आणि भिंतींवर, घुमटांवर, कुणाच्या तरी खिडकीवर चित्रकार मंडळी पहाटेपर्यंत आपापली कला दाखवतात. बुवांना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. गेल्या तिन्ही खेपांना ते असेच भांडले होते आणि मग खुर्ची टाकून पहाटेच्या बांगेपर्यंत सगळ्यांच्या पुढे बसले होते.

"दिवे घालवून उजेड बघायचा म्हणे," बुवा पुटपुटले. "शिकून शिकून हेच केलंत."

वाजणारा फोन तिचा नव्हता, हातेमचा होता. कामाच्या रात्री तो फोन जवळ ठेवत नसे. खिशात फोन असला की अर्धा जीव खिशात असतो, असं तो म्हणायचा आणि फोन सोंदेसच्या पिशवीत टाकून मोकळा व्हायचा. कला विद्यालयात होते तेव्हापासून तिची पिशवी ही ती, हातेम, मोएझ आणि नाईला या चौघा मित्रांची सार्वजनिक मालमत्ता होती. तिने फोन काढून पाहिला. बेशीरचा होता, हातेमच्या थोरल्या भावाचा, केफहून, त्यांच्या गावाहून. थोरला म्हणून सगळे त्याला मानाने सी बेशीर म्हणत.

"हातेम?"

"मी सोंदेस बोलतेय, सी बेशीर. तो भिंतीपाशी आहे. बोलावू?"

पलीकडून बायकांचे आवाज येत होते. लग्नाचे दिवस होते, तिला वाटलं शेजारी कुणाचं तरी लग्न असेल.

"नको," बेशीर म्हणाला. "तू उचललास तेच बरं झालं. आई वारली, सोंदेस."

ती भिंतीला टेकली. बुवांनी कागद तिच्या हातात परत कोंबला आणि ते खुर्ची आणायला गेले.

"नमाज पढली, म्हणाली चक्कर येतेय, जरा पडते. झोहरामावशी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. नऊ वाजले असतील."

"मी आत्ता सांगते त्याला. आम्ही निघतोच—"

"अजिबात नाही!" बेशीरचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "रात्रीचं नाही सांगायचं. तेबुर्सुकच्या वळणांवर ट्रक कसे अंगावर येतात माहिताय ना? एक गेली, मला दुसरा घालवायचा नाही. सकाळी घेऊन ये. आई जरा थकलीय म्हण. दफन दुपारच्या नमाजनंतर आहे, नऊ-दहापर्यंत पोचलात तरी पुष्कळ."

बेशीरने काही जगावेगळं सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे रात्री मरणाची बातमी देतच नाहीत, आणि दूर असलेल्याला तर दिवसाही देत नाहीत. सोंदेसचा काका फ्रान्सला, लियोंला शिकत होता, त्याचे वडील वारले ते त्याला परीक्षा संपल्यावर कळलं. मोएझ सैन्यात होता तेव्हा त्याची आजी तीन महिने बाजारातच गेलेली होती. तो फोन करी, आई म्हणे आजी आत्ताच बाजारात गेली, आणि शेवटी तो चिडून म्हणाला होता की आजी बाजारात दुकान टाकून बसली आहे की काय. ही गोष्ट मोएझ अजूनही सांगतो आणि लोक हसतात. सांगताना तो स्वतः हसत नाही, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

पण खरं सांगायचं तर बेशीरचं कारण लंगडं होतं. हातेमकडे गाडीच नव्हती. गाडी मोएझची, चालवणारही मोएझच. दहाला निघाले असते तर एक वाजता केफला पोचले असते. सोंदेसला हे तेव्हाच, फोन कानाला असतानाच कळत होतं. ती नुसतं म्हणाली, "बरं, सी बेशीर." आणि फोन बंद करून टाकला. नातेवाइकांचे संदेश यायला लागले असते आणि एखादा त्याच्या नजरेला पडला असता.

का म्हणाली बरं? कारण एक वाजता फ्रान्समधल्या मार्सेयहून आलेली पाहुण्यांची समिती हातेमची भिंत बघायला येणार होती. चौदा वर्षं हातेम मनूबाच्या शाळेत पोरांना फळं आणि सुरया काढायला शिकवत होता. चौदा वर्षं सोंदेस त्याच्यामागे लागली होती की तुझं काम जगापुढे आण. या समितीतल्या लोकांच्या तिने हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. एक रात्र, फक्त ही एक रात्र त्याची होऊ दे, असं तिला वाटलं. आणि त्याची झाली की थोडी आपलीही होईल, हेही तिच्या मनात होतं. पुढे तिने हे स्वतःशी कबूल केलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

तिने कॉफीवाल्याच्या मागे नेऊन मोएझला आणि नाईलाला सांगितलं. नाईलाने तोंडावर हात दाबला आणि तिचे डोळे वाहायला लागले.

"रडू नकोस, तो बघेल," सोंदेस म्हणाली.

"आत्ता सांग त्याला. आत्ता जा आणि सांग."

"भावाने नको म्हटलंय," मोएझ म्हणाला. "घरच्या माणसाचा शब्द आहे. आपण कोण मधे पडणारे?"

"आपण मधे पडलोच आहोत की! फोन त्याचा होता, मोएझ. त्याला आला होता तो फोन."

"आणि सांगून तरी काय होणार? उठवणार आहे का तो तिला? दफनाला पोचतोच आहे." मोएझने मान खाली घातली. "निदान आजची रात्र तरी हसू दे त्याला."

"उद्या त्याने विचारलं तर?"

"मी उत्तर देईन," सोंदेस म्हणाली. किती सहज म्हणाली ती हे.

तिघं परत भिंतीपाशी आले. एका बंद पडलेल्या सराईची ती भिंत, तीन मजली, खिडकी नसलेली. तिच्यावर प्रोजेक्टरच्या उजेडात दोन हात होते. दोनच हात, म्हाताऱ्या बाईचे, प्रत्येक बोट माणसाएवढं. समोर उभा माग, ताणलेले धागे, आणि ते हात धागा ओवत होते, गाठ मारत होते, लोखंडी फणीने ठोकत होते. तेही बिनआवाजाचं. हातेमच्या आईने, खालती मब्रूकाने (मावशीला किंवा आईच्या वयाच्या बाईला तिकडे खालती म्हणतात), फक्त हातांचंच चित्रीकरण करू दिलं होतं. तोंड लोकांना कशाला दाखवायचं, हातांचं काय, हात सगळ्यांचे सारखेच, असं ती म्हणाली होती. हातेमने तिच्या शेजारी बसून एक गालिचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिपला होता आणि त्यातले नऊ तास निवडले होते. रात्री आठला पहिला धागा पडला होता. पहाटे पाचला ती गालिचा मागावरून कापणार होती. कापण्याआधी त्याच्यावर पाणी शिंपडून, मरणाऱ्या माणसाच्या कानात म्हणतात तो कलमा म्हणायची तिची रीत होती. विणून झालेल्या कापडाचा जीव मागावरून सुटतो, तो नीट सुटू दे, म्हणून.

"आलात?" हातेम म्हणाला. तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, केस विस्कटलेले, अंगात निळा सदरा, आणि चेहऱ्यावर असा आनंद की सोंदेसला त्याच्याकडे बघवेना. "काय तोंडं पाडलीत तिघांनी? इतकं वाईट झालंय का काम?"

"फार सुंदर झालंय," तिघंही एकदम म्हणाले.

"अरे बापरे. मोएझने आजवर माझ्या कशालाच सुंदर म्हटलेलं नाही. पैसे हवेत का तुला?"

मोएझ हसला. रात्रभर तो असाच हसत राहिला, एका तोंडाने दोन माणसांचं. नाईलाला मात्र जमेना. दर थोड्या वेळाने ती पाणी आणायला म्हणून उठे आणि डोळे लाल करून परत येई. धुळीची अ‍ॅलर्जी आहे, असं तिने हातेमला सांगितलं, आणि त्याने बिचाऱ्याने आपला रुमाल भिजवून तिला दिला.

अकरापासून गर्दी वाढली. बायका मुलांना घेऊन आल्या आणि फरशीवरच फतकल मारून बसल्या. ज्यांना कला म्हणजे काय ते कुणी कधी विचारलं नव्हतं, त्या सगळ्याजणी मागाविषयी बोलायला लागल्या. एक म्हणाली, गाठ डावीकडून मारतेय म्हणजे बाई केफकडची. दुसरी म्हणाली, अंगठ्याला घट्टा बघ केवढा, ही पोट भरायला विणणारी बाई आहे, हौसेची नाही. आणि गल्लीतून जाणारा जो तो, कामावरच्या माणसाला म्हणतात तसं, भिंतीकडे बघून म्हणत होता, "हातांना आरोग्य लाभो!"

"आमीन," हातेम दर वेळी म्हणायचा. "सांगतो तिला."

तीस वेळा, चाळीस वेळा लोक तसं म्हणाले. तिकडे केफला या क्षणी ते हात छातीशी कुणी सरळ करून ठेवले असतील, हे तिला दिसत होतं, आणि इकडे ते तीन मजली उंचीचे होऊन ठोकतच होते, थांबायचं नावच घेत नव्हते. सांगावं, आत्ता सांगावं, असं म्हणून ती दोनदा त्याच्याजवळ गेली. पहिल्यांदा त्याने तिला बसवून घेतलं आणि म्हणाला, "हे बघ आता, इथे तिचा धागा तुटला होता आणि तिने मला शिवी दिली, मी आवाज काढून टाकलाय." दुसऱ्यांदा ती काही बोलायच्या आत तो म्हणाला, "तू नसतीस तर हे झालं नसतं, सोंदेस. एकदा नीट आभार मानायचे होते." मग काय सांगणार ती?

समिती एक वाजता यायची ती अडीचला आली. चार माणसं, दमलेली. त्यांच्यातल्या एका बाईला बूट चावत होता, तिने तो काढून हातात धरला होता. त्यांनी दोन मिनिटं भिंतीकडे पाहिलं, फार छान, फार छान म्हटलं, हातेमचं नाव कसं लिहायचं ते विचारलं आणि जवळ कुठे काही खायला मिळेल का, असं विचारून ती निघून गेली. दोन मिनिटं. सोंदेस त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. एवढ्यासाठी थांबवलं होतं तिने त्याला. बूट हातात धरलेल्या त्या बाईचा तिला असा राग आला की दुसऱ्या कुणाचा आयुष्यात आला नव्हता, आणि त्या बाईचा काय दोष होता?

"आले तरी," हातेम म्हणाला. "चल, लबलाबी खाऊ. मी देतो, आज मी मोठा माणूस आहे."

बाब सुईकाच्या कोपऱ्यावर चौघांनी वाडगे घेतले. शिळ्या पावाचे तुकडे, वर गरम हरभरे, जिरं, हरीसाची तिखट चटणी. विद्यार्थी असताना रात्री-रात्री जागून ते हेच खायचे. हातेमने स्वतःचा वाडगा संपवला आणि नाईलाचाही. मग म्हणाला, "चार वाजत आले. आई उठली असेल. फोन दे गं माझा."

"बॅटरी गेलीय," सोंदेस म्हणाली.

"मग तुझा दे. तिचा नंबर हा जगात मला पाठ असलेला एकच नंबर आहे."

नाही कसं म्हणायचं? तिने फोन दिला. तो उभा राहून, कानाला लावून, एका पायावर झुलत वाट बघत राहिला. मोएझ पावाचा तुकडा वाडग्यात फिरवत होता. नाईलाने डोळे मिटून घेतले होते. रिंग जात होती, बाहेरपर्यंत ऐकू येत होती. वाजून वाजून ती थांबली.

"नमाजला बसली असेल," तो म्हणाला आणि फोन परत दिला.

पाच वाजता सगळे पुन्हा भिंतीपाशी होते. रात्रभर बसलेली पन्नास-साठ माणसं होती, म्हातारबुवा पुढच्या खुर्चीत. भिंतीवर हातांनी फणी बाजूला ठेवली. तांब्यात बोटं बुडवून विणलेल्या गालिच्यावर पाणी शिंपडलं. इथे हातेमने आवाज ठेवला होता, फक्त एवढाच. खालती मब्रूकाचा जाड, जरा घोगरा आवाज गल्लीत आला, अल्लाशिवाय कोणी ईश्वर नाही, असं म्हणाला, आणि बसलेल्या बायका सवयीने तिच्यामागून पुटपुटल्या. मग सुरीने एकेक धागा कापला गेला. भिंत काळी झाली. मोएझ त्या अंधारात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि सोंदेसने त्याचे खांदे हलताना पाहिले.

लोक टाळ्या वाजवत होते. सोंदेसनेही वाजवल्या.

"चला, केफला जाऊ," मोएझ जरा वेळाने म्हणाला. बोलायचं आधी ठरलं होतं, पण शब्द ठरले नव्हते. "आत्ता, असेच. खालती मब्रूकाच्या हातचं खजूर घातलेलं बोर्झगान खाऊ."

"सप्टेंबरात बोर्झगान?" हातेम हसला. "ते मे महिन्यात करतात, शहरी माणसा. आणि रात्रभर जागून तुम्हाला तीन तास गाडीत बसायचंय?"

हातेमचं हसू तसंच होतं, पण नजर एकेकाच्या तोंडावरून फिरली.

"सगळं ठीक आहे ना?"

"बेशीरचा फोन आला होता," सोंदेस म्हणाली. "आई जरा थकलीय म्हणाला."

त्या मुलखात हा शब्द कोणाला कळत नाही? पोरासोरांनाही कळतो. कुणी घाईघाईने परगावाहून निघालं आणि घरचे म्हणाले की अमका जरा थकलाय, तर माणूस काळे कपडे बरोबर घेऊनच निघतो. हातेमने काही विचारलं नाही. जोवर विचारत नाही तोवर ती थकलेलीच असणार होती. तो गाडीत पुढे जाऊन बसला आणि त्याने काच खाली केली.

मेजेझ गेलं. उन्हं वर आली, वाटेवर बायका चुलीतून भाकरी काढत होत्या. मोएझने रेडिओ लावला आणि बंद केला. हातेम मधूनच बोलायचा, अगदी सरळ आवाजात, हे ऑलिव्ह बघा यंदा किती धरलेत, हा पूल अजून तसाच आहे. तेस्तूरच्या अलीकडे रस्त्याकडेला चीजवाल्यांच्या टोपल्या दिसल्या तशी त्याने गाडी थांबवायला सांगितली.

"तिला इथलं ताजं चीज आवडतं," तो म्हणाला. "बिनमिठाचं."

तो उतरला. सोंदेसही त्याच्यामागे उतरली. चीजवाल्याने ओला फडका बाजूला केला. पांढरे गोल ओळीने मांडले होते, त्यांतून पाणी ठिबकत होतं. हातेमने एक उचलून हातावर तोलला. मग तो तिच्याकडे वळला.

"किती घेऊ, सोंदेस?"

तिने नजर टोपलीकडे वळवली.

"घरी आत्ता माणसं किती असतील?"

"खूप," ती म्हणाली. "खूप माणसं असतील, हातेम."

त्याने चीज हळूच, फुटू नये असं, जागेवर ठेवलं. चीजवाल्याने एकदा दोघांकडे पाहिलं आणि फडका पुन्हा ओढून घेतला. शहाणा माणूस.

"कधी?"

"काल रात्री नऊला."

"रात्री नऊला." तो मनात घड्याळ मागे फिरवत होता, ते तिला दिसत होतं. नऊ, समिती, लबलाबी, टाळ्या. "मग रात्रभर ती घरीच होती."

"हो."

"बाकी सगळे बसले असतील तिच्यापाशी."

"हो."

"मोएझला माहीत होतं? नाईलाला?"

"सगळ्यांना. बेशीरने सांगितलं होतं सकाळपर्यंत... मीच ठरवलं. मोएझ घेऊन आला असता तुला, मला कळत होतं ते. मीच नाही म्हटलं." ती रडायला लागली. "मला वाटलं तुझी ही एक रात्र—"

"माझी कुठली," तो म्हणाला. एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. तिला वाटलं, एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तो गाडीत जाऊन बसला आणि केफ येईपर्यंत त्याने काच वर केली नाही, धूळ आत येत होती तरी.

घराबाहेर खुर्च्या मांडल्या होत्या, दार सताड उघडं होतं. बेशीर पुढे आला, भावाच्या गळ्यात पडला आणि लहान पोरासारखा रडला. "तुला वाटेत काही झालं असतं तर," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. हातेमने त्याची पाठ थोपटली. मग आतल्या खोलीत गेला. पहाटेच तिला आंघोळ घालून कफन चढवलं होतं, फक्त चेहरा उघडा होता. तो गुडघ्यांवर बसला, कपाळाचं चुंबन घेतलं, आणि कापडावरून हात फिरवत काहीतरी शोधायला लागला.

"हात बघू का एकदा?" त्याने विचारलं.

आंघोळ घालणारी बाई उंबऱ्यात उभी होती. "बांधलं की सोडत नाही रे बाळा," ती म्हणाली. "रात्री आला असतास तर धरून बसला असतास."

तिने ते काही टोचून म्हटलं नव्हतं. खरं तेच म्हटलं होतं. सोंदेस मागे दाराशी होती, तिने सगळं ऐकलं.

दुपारी पुरुष तिला घेऊन गेले आणि घरात बायका उरल्या. शेजारणींनी जेवण आणलं होतं. त्या घरात तीन दिवस चूल पेटणार नव्हती. सोंदेस आणि नाईला भिंतीशी गादीवर बसल्या. खालती झोहरा, मब्रूकाची धाकटी बहीण, येईल तिला रात्रीची हकीकत सांगत होती. बारा वाजता चेहरा कसा उजळला, मुलींनी आळीपाळीने कुराण कसं वाचलं, पहाटे खोली कशी थंडगार झाली. सांगता सांगता ती सोंदेसकडे वळली.

"उशापाशी जागा रिकामी ठेवली होती बघ. शेंडेफळाची जागा ती. कुणाला बसू दिलं नाही मी. बेशीर म्हणे, हातेम वाटेत आहे. एकला म्हणे वाटेत आहे, तीनला म्हणे वाटेत आहे. गाडीचा आवाज आला की मी तिच्या कानात सांगायची, आला गं तुझा, आला. मेलेल्या माणसाला ऐकू येतं म्हणतात. किती वेळा खोटी पडले मी तिच्यापाशी."

म्हणजे बेशीरने इकडेही एक सांगितलं होतं आणि तिकडेही एक. कुणाचा जीव दुखू नये म्हणून. सोंदेस ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून बसली. नाईलाने तिच्याकडे पाहिलं नाही.

पुरुष परत आले. हातेमच्या पायांना माती होती. बायकांनी त्याला जागा करून दिली, जो तो म्हणत होता, तिची बरकत तुमच्यात राहो. खालती झोहराने सगळं बोलून होऊ दिलं आणि मग, सगळ्यांच्या समोर, विचारलंच. रात्रभर दाबून धरलेलं होतं तिने ते.

"कुठे होतास रे तू?"

बायका वळून बघायला लागल्या.

"रात्रभर दाराला कान लावून होतो आम्ही. तीन तासांची वाट. ट्यूनिसला असं काय मोठं काम होतं तुझं, आईच्या मयतापेक्षा?" तिचा आवाज फाटला. "लोक विचारत होते, धाकटा कुठे, धाकटा कुठे. काय सांगू मी त्यांना?"

दारात बेशीर उभा होता, त्याची मान छातीवर गेली. मोएझ त्याच्यामागे. सोंदेस उठायला लागली. मी सांगते, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. मी उत्तर देईन, असं म्हटलं होतं ना तिने? आता वेळ आली होती. तिला सांगायचं होतं, देवाशपथ सांगायचं होतं, सगळ्यांच्या शिव्या खायच्या होत्या.

"गाडी बिघडली, खालती," हातेम म्हणाला. "बातमी कळली तसे निघालो होतो. तेस्तूरच्या पुढे बंद पडली. अंधार होता, फोन लागत नव्हता. रात्रभर रस्त्यावर होतो."

"रस्त्यावर?" झोहराचा चेहरा एकदम सैल झाला. "रात्रभर?"

"रात्रभर. होय ना मोएझ?"

"हो, खालती," मोएझ म्हणाला. "गाडीच दगा देऊन गेली."

"तरी मी म्हणत होते!" झोहराने हातेमचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी ओढलं आणि ती मोठ्याने रडायला लागली. "तरी मी सगळ्यांना म्हणत होते, माझा पोरगा रांगत येईल पण येईल. अल्ला, आणि मी त्याला बोलले!" रडत रडत ती बाकीच्या बायकांकडे वळली, "ऐकलंत का, रस्त्यावर होतं लेकरू रात्रभर," आणि बायकांनी चकचक केलं, डोळे पुसले.

हातेमने तिला रडू दिलं. तिच्या खांद्यावरून त्याने एकदा सोंदेसकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आल्यागेल्या पाहुण्याकडे बघतात तसं त्याने पाहिलं, आणि मग तो उठून बाहेर बसलेल्या लोकांना पाणी द्यायला गेला.

झोहरा सरकत सोंदेसजवळ आली. तिने स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली आणि सोंदेसच्या पाठीवर घातली, दोन्ही टोकं नीट पुढे आणून.

"तुम्हा पोरींचेही हाल झाले," ती म्हणाली. "गारठला असाल अगदी तिथे. फार थंडी होती का गं?"

"हो, खालती," सोंदेस म्हणाली. "फार थंडी होती."